वर पाला गुडघाभर, खाली गोट्या: खान्देशात परसातला बटाटा का फसतो

पहिल्या वर्षी मी सोळा बेणी लावली आणि काढणीला जे निघालं ते स्टीलच्या एका ताटलीत मावलं. सासूबाईंनी ताटली उचलून हलवली तर खडखड वाजली. "हाई काय शे बाई, बटाटा का गोट्या?" एवढं बोलून त्यांनी त्या गोट्या धुतल्या, न सोलताच लसूण-मिरचीवर परतल्या आणि विषय संपवला. माझा मात्र संपला नाही. पाला गुडघ्याच्या वर गेला होता, जाणारा-येणारा थांबून कौतुक करायचा, आणि खाली हे!

आमचं घर अमळनेरला, गावाच्या बाहेरच्या अंगाला. मागं पंधरा बाय वीस फुटांचं परस. माती काळी: ओली असली की चपलेला किलोभर चिकटते, सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. एका कडेला शेवगा, दुसऱ्या कडेला भरताची वांगी. उरलेल्या जागेत सात वर्षं बटाटा लावतेय. पहिली चार वर्षं पीकच फसलं, पाचव्या वर्षी पीक आलं आणि साठवणीत गेलं. दर वर्षी कारण वेगळं वाटायचं. कधी खत कमी पडलं, कधी पाणी जास्त झालं, कधी बेणं खराब निघालं. मग एकदा वहीत लावणीच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि डोक्यात उजेड पडला. पहिल्या वर्षी मृगाच्या पावसावर लावला, कारण पावसात सगळंच उगवतं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, कारण टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आले होते. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी, घाईनं. चौथ्या वर्षी डिसेंबर संपता संपता, कारण तोवर टोमॅटो उपटायचा जीव होत नव्हता. खतात, पाण्यात शोधत बसले होते ती चूक या चार तारखांत होती.

पाला भरपूर, बटाटा नाही

बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालचं फुगलेलं खोड आहे. पानांत तयार झालेली साखर खाली उतरते आणि तिथं पिठूळ साठा म्हणून भरते. हे भरणं माती १५ ते २० अंशांवर असताना जोरात चालतं. रात्रीसुद्धा पारा २० च्या खाली उतरेनासा झाला की मंदावतं, आणि माती ३० च्या आसपास गेली की जवळजवळ थांबतं. गरम रात्री झाड स्वतःच्या श्वासातच साखर जाळतं, उरलेली पाल्याला देतं. ज्या पांढऱ्या दांड्यांच्या टोकाला बटाटा धरायचा, त्या दांड्या वर येऊन चक्क फांद्या होतात. माझ्या पावसाळी वाफ्यात हेच झालं होतं. झाड निरोगी होतं, खुशीत होतं, फक्त त्याला साठवायची गरजच वाटली नाही.

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, मग आपल्याकडे का नाही, असं मला एकानं विचारलं होतं. ते उंचावरचं गार पठार आहे. आपण तापीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. तोरणमाळला राहणाऱ्यांनी मात्र माझ्या तारखा धरू नयेत, हजार मीटरच्या वर वेगळं गणित लागतं.

खाली सपाटीवर रात्री खऱ्या अर्थानं गार असतात त्या डिसेंबर-जानेवारीत. पारा १०-१२ अंशांवर येतो, पहाटे घोंगडी लागते. फेब्रुवारी अर्धा झाला की दुपार टोचायला लागते आणि मार्च संपताना चाळिशी दिसते. म्हणजे बटाट्याला आपल्याकडे शंभरेक दिवस मिळतात, त्यातले साठच चांगले. लावणीनंतर ३० ते ४० दिवसांनी खाली बटाटा धरायला लागतो. तो धरण्याचा दिवस डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आला पाहिजे, म्हणजे पुढं सगळा गारवा भरण्याला मिळतो. उलटं मोजलं की लावणी येते १ ते १० नोव्हेंबरला. १५ पर्यंत चालेल. त्यानंतर लावाल तर लहान बटाट्याची तयारी ठेवा.

सण धरून लावू नका, तारीख धरा. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या. "दिवाळी झाली की बटाटा" हा हिशेब म्हणूनच काही वर्षी जमतो आणि काही वर्षी का फसला ते कळत नाही.

तारीख बरोबर असूनही पालाच वाढत असेल तर युरिया आठवा. पान जरा फिकं दिसलं की मूठभर युरिया टाकायचा हात आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. कपाशीची सवय! युरियातलं नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं आणि खाली धरायला उशीर करतं. आपल्याकडे उशीर म्हणजे थेट उन्हाळा. मी चांगलं कुजलेलं शेणखत लावणीच्या आधी मिसळते आणि महिन्यानं झाडाच्या बुडाशी माती ओढून भर देताना थोडं गांडूळखत घालते. त्यापलीकडे काही नाही.

जातीबद्दल थोडंसं. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी या दोन्ही १९६८ सालच्या. चंद्रमुखी ८०-९० दिवसांत निघते, पुखराजही लवकर भरतो. २००६ साली आलेली कुफरी सूर्या उष्णता जास्त सोसते, मिळाली तर खान्देशासाठी तीच घ्यावी. (कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. तिथं केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, म्हणून सगळ्यांचं आडनाव एकच.) पण परसापुरतं चार-पाच किलो प्रमाणित बेणं कुणी देत नाही हे मला ठाऊक आहे. बहुतेक जण बाजारातलाच बटाटा लावतात. मीही तेच करते. त्यात दोन खड्डे आहेत.

बेणं उगवत नाही, नाहीतर मातीतच सडतं

पहिला खड्डा म्हणजे पातळ सालीचा, नखानं साल निघणारा ताजा बटाटा. काढणीनंतर बटाटा दोन-अडीच महिने झोपेत असतो. कितीही पाणी द्या, उठत नाही. बेण्यासाठी जुना, शीतगृहातून आलेला, जाड सालीचा बटाटा पाहिजे. तोसुद्धा कधी कधी कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेला निघतो. म्हणून थेट मातीत घालू नका. मी ऑक्टोबरच्या मध्याला तीन किलो आणते आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये डोळे वर करून मांडते. जागा अशी की उजेड आहे पण ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. ज्याला येत नाहीत किंवा दोऱ्यासारखे बारीक येतात तो भाजीत जातो. अंधारात ठेवलं तर कोंब लांब, पांढरे येतात आणि लावताना हमखास मोडतात.

दुसरा खड्डा कापण्याचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की मोठा बटाटा प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवून कापा. गार प्रदेशात ठीक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर हीट संपलेली नसते, काळी माती आतून कोमट असते, ओलावा धरून ठेवते आणि कापलेली फोड त्यात आठ दिवसांत वास मारायला लागते. तिसऱ्या वर्षी मी दसऱ्याआधी बावीस फोडी लावल्या. उगवल्या पाच. बाकीच्या उकरल्या तेव्हा नाकाला पदर लावावा लागला. तेव्हापासून अख्खं बेणं लावते, अंड्याएवढं, ३० ते ५० ग्रॅमचं. बाजारात मोठा बटाटा महाग आणि बारका स्वस्त असतो, तेव्हा हे परवडतंही.

लावणी सरीत नको, वरंब्यावर. दोन वरंब्यांत दोन फूट, दोन बेण्यांत वीतभर, खोली चार बोटं. लावताना जमीन वाफशावर असावी, म्हणजे ओल असावी पण चिखल नसावा. चिखलात लावून वर पाणी सोडू नका. पहिलं पाणी हलकं द्या, नंतर कोंब वर दिसेपर्यंत वाट बघा.

हिरवा बटाटा, पोखरलेला बटाटा

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण आपल्या मातीत दोन्हींचं दार एकच: भेग.

बटाटा फुगतो तशी वरची माती तडकते. काळ्या मातीत ती जास्तच तडकते. भेगेतून उजेड गेला की बटाट्याचा तो भाग हिरवा होतो. हिरवेपणा स्वतः विषारी नसतो, पण उजेडामुळं त्याच्याबरोबरच सोलानीन नावाचं कडू द्रव्य वाढतं. ते पोटाला बाधतं आणि उकडल्या-तळल्यानं जात नाही. जरासा डाग असेल तर जाड कापून काढा. अर्धा बटाटा हिरवा असेल किंवा चव कडवट लागली तर टाकून द्या. गुरांनाही घालू नका.

त्याच भेगेतून एक करडी, बारीक पाकोळी खाली उतरते. संध्याकाळनंतर उडते, म्हणून सहसा दिसत नाही. ती बटाट्याच्या डोळ्याजवळ अंडी घालते, अळी आत शिरून बोगदे करते आणि तोंडाशी काळपट विष्ठा साठते. ही कीड आपल्याकडची नाही. १९०६ च्या सुमाराला इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात उतरली आणि राहिली. थंडीत तिचा जोर कमी असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम वाढतो. उशिरा काढणाऱ्यांना ती जास्त का भेटते ते यावरून कळेल.

उपाय औषधाचा नाही, मातीचा आहे. लावणीनंतर साधारण महिन्यानं, झाड वीत-दीड वीत झालं की दोन्ही बाजूंनी माती ओढून भर द्यायची. पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि त्यावर आच्छादन. मी दोन वर्षं आच्छादन केलं नव्हतं, कारण परस "स्वच्छ" दिसावं हा हट्ट. आता गव्हाचा भुस्सा किंवा कडब्याची कुट्टी चार बोटं जाड पसरते. रावेर-यावलकडच्या लोकांना तर केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, त्यांनी तीच वापरावीत. आच्छादनानं भेगा झाकतात, पाणी कमी लागतं आणि दुपारचा मातीचा तापही उतरतो. शेवटच्या पंधरवड्यात हा शेवटचा फायदा सगळ्यांत मोलाचा ठरतो.

पाण्याबद्दल एवढंच, की ते नेमानं द्या. आठ दिवस विसरायचं आणि मग पाइप सोडून द्यायचा, असं केलं की बटाट्याला गाठी फुटतात, तडे जातात, मोठा बटाटा आतून पोकळ निघतो. रोज ओलं चिंब ठेवलं तर सालीवर पांढरे, कापसासारखे ठिपके उठतात. ती बटाट्याची श्वास घ्यायची छिद्रं, गुदमरून फुगलेली. मी वरंब्यात बोट घालून बघते. दोन पेरांवर ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. डिसेंबरात हे आठ दिवसांनी येतं, जानेवारीअखेर सहा दिवसांनी. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

सालीवर खरजेसारख्या खपल्या

यात माझा स्वतःचा हात होता. सासूबाईंच्या माहेरी चुलीची राख भाजीपाल्याला टाकायची पद्धत. वांग्याला, मिरचीला मीही टाकायचे, किडी कमी होतात म्हणून. बटाट्यालाही टाकली, सढळ हातानं. बटाटे निघाले ते सगळे खडबडीत, सालीवर तपकिरी खपल्या. हा मातीतल्या सूक्ष्मजीवाचा रोग आहे आणि त्याला कोरडी, अल्कधर्मी माती आवडते. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात राख म्हणजे त्याला मेजवानी. चुना आणि ताजं शेणही तसंच. राख बंद केली आणि बटाटा धरायच्या तीन-चार आठवड्यांत ओल तुटू दिली नाही, तर पुढच्या वर्षी खपल्या चतुर्थांशावर आल्या. खपलीवाला बटाटा खायला चालतो, सोलताना जरा जाड सोला. बेण्याला मात्र ठेवू नका.

आणि वांग्याच्या जागी बटाटा लावू नका. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा हे एकाच घरातले भाऊ. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, ती पाकोळीसुद्धा वांग्या-टोमॅटोवर जगते. खान्देशातल्या परसात वांगं नाही असं होणार नाही, म्हणून जागा फिरवायची. आज जिथं बटाटा आहे तिथं पुढची तीन वर्षं मेथी, कांदा, हरभरा, गवार काहीही चालेल.

काढणी: पाला सुकायची वाट बघू नका

उत्तरेकडच्या व्हिडिओत सांगतात की पाला पूर्ण पिवळा पडून वाळला की काढा. माझं चौथं वर्ष यात गेलं. डिसेंबरअखेरची लावणी, त्यात पाला मार्चमध्येही हिरवा, आणि मी थांबलेली. खणलं तेव्हा निम्मे बटाटे डोळ्यांपाशी काळे पडलेले, दाबले की आत पाणी. माती तापली की बटाट्यावर कुजीचे रोग झडप घालतात. त्यातली एक कोळशासारखी काळी कूज तर गरम जमिनीतच जोर धरते. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "उन्हाळाना आधी काढी ले." मला वाटलं, त्यांना बटाट्यातलं काय कळतं.

आता पाला कसाही असो, २० फेब्रुवारीच्या पुढं माझा एकही बटाटा जमिनीत नसतो. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडते. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पाला विळ्यानं जमिनीलगत कापते आणि बटाटे तसेच दहा-बारा दिवस खाली ठेवते. या दिवसांत साल पक्की होते. एक उकरून अंगठ्यानं जोरात घासायचा. साल सरकली तर आणखी चार दिवस, नाही सरकली तर काढणी. कच्च्या सालीचा बटाटा काढला तर तो आठ दिवसांत सुरकुततो, कितीही जपा.

काळ्या मातीत एक अडचण येते. पाणी तोडल्यावर ती दगड होते आणि कुदळ बटाट्यात घुसते. आच्छादन असेल तर एवढी कडक होत नाही. तरी झालीच, तर काढणीच्या चार दिवस आधी सरीत झारीनं हलकं पाणी शिंपडून माती मऊ करा, ओली नव्हे. खणताना झाडापासून वीतभर लांबून कुदळ घालायची आणि मग हातानं चाचपायचं. हे काम सकाळी दहाच्या आत. उन्हात पडलेला बटाटा तासाभरात भाजल्यासारखा होतो, दुसऱ्या दिवशी त्यावर मऊ चट्टा दिसतो. काढलेला ढीग रात्री बटाट्याच्याच पाल्यानं झाकू नका. त्या पाल्यात पाकोळी असते, तिला हातानं वाट दाखवल्यासारखं होतं.

साठवण: इथं माझं पाचवं वर्ष गेलं

पाचव्या वर्षी तारखा जमल्या, नऊ किलो बटाटा निघाला. आमच्या मानानं विक्रम. धुतला (चूक), गोणीत भरला (चूक), गोणी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली (महाचूक). होळीच्या आधी भाजीला कापायला घेतला तर बाहेरून टणक, छान, आणि मधोमध काळाकुट्ट डाग, शाई सांडल्यासारखा. एक नाही, कापले तेवढे सगळे. मी रोग समजले. तो रोग नव्हता. बटाटा काढल्यावरही श्वास घेतो आणि गरमीत तो जोरात घेतो. पारा ३५ च्या वर आणि भोवती हवा कोंडलेली असली की आतल्या गराला प्राणवायू पुरत नाही. मधला भाग गुदमरून काळा पडतो. पत्र्याखाली मार्चच्या दुपारी काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

बटाटा खाण्यासाठी ठेवायला १०-१२ अंश गारवा आणि दमट हवा लागते. एवढा गारवा आपल्या घरात मार्चपासून कुठंच नाही. फ्रिजमध्ये २ ते ४ अंशांवर बटाटा सडत नाही, पण त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. भाजी गोडसर लागते आणि तळलं की काप लाल-काळे होतात. मग करायचं काय? पहिल्यांदा हे मान्य करायचं, की खान्देशात परसातला बटाटा दिवाळीपर्यंत पुरवायचा नसतो. दीड-दोन महिने टिकवणं हेच उद्दिष्ट ठेवलं तर ते जमतं.

काढल्यावर धुवायचा नाही. माती सुकली की हातानं झटकायची. मग सावलीत, वारा लागेल पण उजेड लागणार नाही अशा जागी एका थरात दहा-बारा दिवस पसरायचा. लागलेल्या ओरखड्यांवर या काळात नवी साल धरते. मग निवड. कुदळ लागलेले, पोखरलेले, हिरवट वेगळे. जखमेचे लगेच खायचे. पोखरलेला एकही चांगल्यांत जाऊ द्यायचा नाही, आतली अळी पाकोळी होऊन बाहेर येते आणि महिन्याभरात सगळी टोपली जाते.

चांगले बटाटे आम्ही गावातल्या जुन्या घरी ठेवतो. ते धाब्याचं घर आहे, मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, मधल्या खोलीला खिडकी नाही. बाहेर चाळीस असताना तिथं अंगावर काही घ्यावंसं वाटतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फरक फार मोठा आहे. खाली विटा, त्यावर बांबूची टोपली, टोपलीत वीतभरापेक्षा उंच थर नाही. थरांत आणि वर वाळलेला निंबाचा पाला. पाला वाळलेलाच पाहिजे, ओला घातला की बुरशी येते. काही लोक घाणेरीचा किंवा निलगिरीचा पाला घालतात, पाकोळी त्यानंही लांब राहते. दर आठवड्याला टोपली उपसून बघायची. वास आला की थांबायचं नाही, तो एक शोधायचाच.

धाब्याचं घर सगळ्यांकडे नसतं. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी करून बघितली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विजेशिवायचा शीतकक्ष तयार केला गेला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर वाळू, आणि वाळू सतत ओली. पाणी उडतं आणि आतली हवा गार होते, माठाचंच तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात आत-बाहेर १० अंशांहून जास्त फरक पडू शकतो, आणि आपला मार्च-एप्रिल कोरडा असण्यात कुणाला हरत नाही. मी विटा रचल्या नाहीत. कुंभाराकडून रंग न दिलेल्या दोन कुंड्या आणल्या, एकीत एक बसेल अशा, मधल्या फटीत वाळू भरली. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. आत गोणपाटाचा तुकडा, त्यावर बटाटे, वर ओलं फडकं ताणून बांधलेलं. चार किलो एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकले. पाणी आत ठिबकता कामा नये, ओला बटाटा आणि गरमी यांची जोडी वाईट. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, हवा दमट झाली की गारवा येत नाही.

कांद्याशेजारी बटाटा ठेवू नका. कांद्याला कोरडं लागतं, बटाट्याला दमट. एकाची सोय केली की दुसरा रुसतो.

पुढच्या वर्षीचं बेणं घरी ठेवायचा मोह मला दोनदा झाला. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, मध्ये ४५ अंशांचा मे. जूनमध्ये टोपलीत सुरकुतलेल्या सुपाऱ्या आणि हातभर कोंब उरले. शिवाय घरच्या बेण्यात मावा-पांढऱ्या माशीनं आणलेले विषाणू वर्षागणिक साठत जातात, पानं आकसतात, पीक घटतं. बेणं दर वर्षी नवीनच आणा.

उरलेल्या बटाट्याचा कीस

साठवणीचं आपल्याकडचं खरं उत्तर टोपली नाही, गच्ची आहे. ज्या उन्हानं बटाटा सडतो त्याच उन्हात तो वाळवायचा. फेब्रुवारीत काढलेल्यांतले मोठे, पक्क्या सालीचे बटाटे मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच किसाला काढते, सडायची वाट न बघता. कच्चे राहिलेले किंवा फ्रिजमध्ये ठेवलेले घेऊ नका, त्यांत साखर जास्त असते, तळल्यावर कीस काळपटतो.

सोललेला बटाटा थेट पाण्याच्या पातेल्यात किसायचा, हवा लागली तर लाल पडतो. पाणी दुधाळ यायचं थांबेपर्यंत तीन-चारदा बदलायचं. तळाशी बसलेलं पीठ फेकू नका, वाळवून उपवासाच्या थालीपिठात चालतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सैंधव आणि तुरटी दोन-तीनदा फिरवून घ्यायची. त्यात कीस टाकून दोन उकळ्या येऊ द्यायच्या, एवढ्यात तो पारदर्शक दिसायला लागतो. जास्त शिजला तर गोळा होतो, आणि मग पापडच करावे लागतात. चाळणीत निथळून खाटेवर जुन्या धोतरावर बोटांनी मोकळा पसरायचा. सकाळी नवाला टाकला तर दुपारी चारला उचलता येतो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यायचं, मोडला की कट्ट आवाज आला पाहिजे. बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं, तेव्हा पाच किलोचा जेमतेम किलोभर उरतो, कधी त्याहून कमी. कमी झालं म्हणून घाबरू नका, तळल्यावर परात भरते.

एक सूचना मात्र चुकवू नका. ऊन उतरल्यावर कीस गरम असतानाच डब्यात भरू नका, आत वाफ धरते. रात्रभर सुपात, पातळ फडक्याखाली राहू द्या, सकाळी भरा.